जीपचे ऑइल घरी बदलताना

बैलाचे वैरण-पाणी आपण एक वेळही चुकवत नाही. जीपचे मात्र तसे होत नाही. चालते आहे तोवर चालू द्यायची, ही आपली रीत. १९४७ साली मुंबईत महिंद्रने विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि चारही चाकांना जोर देणारी ही गाडी आपल्या मुलखात रुळली. कन्नड-सोयगावच्या डोंगरवाटा असोत की गंगापूर-पैठणची काळी माती, पावसात साधी गाडी रुतते तेथून ही निघते. पण चार चाकांना जोर द्यायचा तर यंत्रे जास्त, आणि यंत्रे जास्त तर ऑइलच्या जागाही जास्त.

पुष्कळजण इंजिनाचे ऑइल बदलले की काम झाले असे समजतात. अशा गाडीला बहुधा पाच जागी ऑइल असते : इंजिन, गिअर-बॉक्स, त्याला लागून असलेला ट्रान्स्फर केस, आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलच्या मधोमध फुगलेले दोन डिफरन्शियल. कोठे कोणते व किती ऑइल लागते, हे गाडीच्या पुस्तकात पाहावे. ऐकीव माहितीवर जाऊ नये. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांचे ऑइल वेगळे असते, जुने चालत नाही.

प्रथम इंजिन. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल गाळासकट उतरते. खाली घमेले ठेवून प्लग सोडावा व थेंब थांबेपर्यंत धीर धरावा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून तो हातानेच आवळावा. प्लगचा वॉशर नवा घालावा. मग नरसाळ्याने ऑइल भरून, इंजिन मिनिटभर चालवून, थोड्या वेळाने पट्टी पाहावी. खुणेच्या वर भरणे हेही नुकसानीचेच.

आता बाकीच्या जागा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : भरायचा वरचा प्लग आधी सोडून पाहावा, मगच खालचा सोडावा. खालून सगळे ऑइल काढले आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. गिअर-बॉक्स, ट्रान्स्फर केस व डिफरन्शियलमध्ये भोकाच्या कडेपर्यंत ऑइल आले की भरले असे समजावे.

ओढ्याच्या खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियल अवश्य तपासावे. तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात एकाएकी निवते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ऑइल दुधट दिसले की पाणी शिरले असे समजून ते लगेच बदलावे. ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे चमकले तर मिस्त्रीला दाखवावे. गिअर किंवा बेअरिंग गेल्यावरचा खर्च ऑइलच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

आणि काढलेले ऑइल? कोणी ते वाळवीसाठी बांधावर ओततात, कोणी बैलाच्या खरजेला लावतात. दोन्ही करू नये. त्यात झिजलेल्या धातूचे कण व विषारी पदार्थ असतात. जनावर ते चाटते, आणि माणसाच्या कातडीला सतत लागले तर कर्करोगाचाही धोका असतो. बांधावरचे ऑइल पावसाबरोबर विहिरीकडे जाते. खाम नदी गोदावरीला मिळते, आणि नाथसागराचे पाणी तर सारे शहर पिते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या डब्यात, पाणी किंवा डिझेल न मिसळता साठवावे, डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नये, आणि जाधववाडीच्या बाजाराला जाताना ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे.

शेवटी, प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर व कोणत्या जागेचे ऑइल बदलले हे घरातल्या शाळकरी मुलामुलींकडून वहीत लिहवून घ्यावे व पावती जोडून ठेवावी. गाडी विकायची वेळ आली तर हीच वही गिऱ्हाईकाशी बोलेल.