घरात सुधारणा, परमुलखात राज्य

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत नुकतेच अमेरिकेच्या इतिहासावर एक व्याख्यान झाले. वक्त्यांचे वाचन दांडगे, बोलणे ओघवते. समोर शाळकरी मुले होती, निवृत्त शिक्षक होते, कापूस पिकवणारे शेतकरीही होते. व्याख्यान रंगले आणि टाळ्याही पडल्या. मात्र मुलांच्या हाती जे मत देऊन वक्ते गेले, ते खोडून काढल्याशिवाय सोडता येणार नाही.

ते मत थोडक्यात असे. १८८०नंतर अमेरिकेत कारखानदारी फोफावली, तिच्याबरोबर लाचखोरी आणि मक्तेदारीही. मग सुधारक पुढे आले. त्यांनी सरकारी नोकरभरती, रेल्वे कंपन्या, तेलसम्राट, भेसळखोर या सगळ्यांना कायद्याने वेसण घातली. घर स्वच्छ झाल्यावर देश बलवान झाला आणि समुद्रापलीकडे गेला. तिथेही त्याने भलेच केले: क्यूबा सोडवला, फिलिपाइन्समध्ये शाळा काढल्या. काही अत्याचार झाले, पण ते अपवाद. भारतानेही हाच क्रम धरावा: आधी जकातीची भिंत, मग सुधारणा, मग विस्तार. १८९०ची जकात आणणाऱ्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मॅकिन्लीचे गोडवे सध्या व्हाइट हाउसमधूनच गायले जातात, त्यामुळे हे मत बाजारात चांगलेच खपते.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. क्यूबा सुटला म्हणतात, पण १९०१च्या प्लॅट दुरुस्तीने त्याच्या कारभारात सैन्यानिशी हस्तक्षेप करण्याचा हक्क अमेरिकेने स्वतःकडे ठेवला आणि ग्वांतानामोचा तळ आजही सोडलेला नाही. हवाईची राणी १८९३ साली ऊसमळेवाल्यांनी अमेरिकी नौसैनिकांच्या आधाराने पदच्युत केली, त्यात भले कोणाचे झाले ते उघड आहे. आणि १८९०च्या ज्या जकातीचे एवढे कौतुक चालते, ती लागू झाल्यावर महिनाभरात झालेल्या निवडणुकीत खुद्द मॅकिन्लीची काँग्रेसमधली जागा गेली.

आता मुख्य आक्षेप. सुधारणा करणारे एक आणि मुलूख जिंकणारे दुसरे, आणि अत्याचार म्हणजे वाट चुकलेल्या काही शिपायांचे काम, अशी ही मांडणी आहे. ती साफ खोटी आहे. जिनात रुई आणि सरकी वेगळी होतात, तसे या इतिहासात सुधारणा आणि साम्राज्य वेगळे होत नाहीत, कारण दोन्हींमागे माणसे तीच होती.

आल्बर्ट बेव्हरिज यांचेच उदाहरण घ्या. इंडियानाचे हे सिनेटर १९०६ साली मांस तपासणीच्या कायद्यासाठी झगडले, बालमजुरीविरुद्धचे विधेयक घेऊन उभे राहिले, १९१२ला प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या अधिवेशनात मुख्य भाषण केले. सुधारक म्हणून त्यांचे नाव पहिल्या ओळीत बसते. हेच बेव्हरिज ९ जानेवारी १९०० रोजी सिनेटमध्ये म्हणाले की फिलिपाइन्स कायमचे अमेरिकेचे आहे, तिथले लोक स्वराज्याला लायक नाहीत आणि त्यापलीकडे चीनची अफाट बाजारपेठ आहे. शिकागोच्या कत्तलखान्यातले मांस स्वच्छ हवे आणि मनिलातल्या माणसाला मत नको, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आल्या.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी नागरी सेवा आयोगावर सहा वर्षे काढली आणि वशिल्याच्या नोकरभरतीशी दोन हात केले. १८८१ साली नोकरी न मिळालेल्या माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी घातली, त्यातून १८८३चा कायदा झाला होता, त्याची अंमलबजावणी करणाऱ्यांत ते होते. पुढे नौदल खात्यात गेल्यावर २५ फेब्रुवारी १८९८ रोजी, म्हणजे स्पेनशी युद्ध जाहीर होण्याच्या दोन महिने आधी, त्यांनीच आरमारप्रमुख ड्युई यांना हाँगकाँगला आरमार सज्ज ठेवण्याची तार केली. १ मे रोजी मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार बुडाले. डिसेंबरमध्ये २ कोटी डॉलरना फिलिपाइन्सचा सौदा झाला. त्या सौद्याच्या टेबलावर एकाही फिलिपिनोला जागा नव्हती.

मग जे झाले त्याला वक्ते अपवाद म्हणतात. फेब्रुवारी १८९९ ते जुलै १९०२ अशी तीन वर्षांहून अधिक लढाई चालली. ४,२००हून अधिक अमेरिकी सैनिक आणि सुमारे २०,००० फिलिपिनो लढवय्ये मेले. उपासमार, पटकी आणि हिंसाचाराने मेलेल्या सामान्य लोकांचा आकडा २ लाखांच्या घरात सांगतात. कैद्याला आडवा पाडून पोट फुगेपर्यंत पाणी पाजायचे आणि मग पोट दाबून ते बाहेर काढायचे, ही चौकशीची रीत होती; सिनेटच्या समितीपुढे सैनिकांनीच तशा साक्षी दिल्या. समार बेटावर जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला मारण्याचा हुकूम दिला. त्याला शिक्षा काय झाली? समज आणि निवृत्ती.

विल्यम टाफ्ट यांनी पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून मक्तेदाऱ्यांवर रूझवेल्टपेक्षाही जास्त खटले भरले. तेच फिलिपाइन्सचे पहिले मुलकी गव्हर्नर. त्यांच्या कारकिर्दीत नोव्हेंबर १९०१मध्ये तिथे राजद्रोहाचा कायदा आला. युद्ध चालू असेतो शांततेच्या मार्गानेही स्वातंत्र्य मागणे त्यात गुन्हा ठरले. मराठी वाचकाला हे कलम समजावून सांगावे लागत नाही. लोकमान्य टिळकांना जुलै १९०८मध्ये राजद्रोहासाठीच सहा वर्षांची शिक्षा झाली. ते मंडालेत असताना, जानेवारी १९०९मध्ये, रूझवेल्ट यांनी भारतातल्या इंग्रजी राज्याची जाहीर तारीफ केली. त्या सुधारकाची आमच्याबद्दलची भूमिका ही होती!

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचेही तेच. १८९६ साली काळ्या प्रवाशांचा डबा वेगळा ठेवणे घटनेला धरून आहे, असा बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांनी लिहिला. १९०१ साली पोर्तो रिकोला राज्यघटना पूर्णपणे लागू होत नाही, या निकालातले मुख्य मतही त्यांचेच. दोन्ही वेळा विरोधात उभे राहिले ते न्यायमूर्ती हार्लन. घरातल्या काळ्या माणसाला आणि बेटावरच्या माणसाला दूर ठेवणारी लेखणी एकच होती. दक्षिणेत तर निवडणूक शुद्ध करण्याच्या नावाखाली साक्षरतेच्या परीक्षा आणि मतकर आले. लुइझियानात १८९६ साली काळे मतदार १,३०,३३४ होते, १९०४ला उरले १,३४२. त्या काळी यालाही सुधारणाच म्हणत.

फिलिपाइन्समध्ये शाळा निघाल्या, हे खरे. पण हा युक्तिवाद विदर्भात जुना आहे. इंग्रजांनी रेल्वे आणली, म्हणून त्यांचे राज्य बरे, हा वाद इथल्या पारांवर शंभर वर्षे चालला आणि अजून थांबत नाही. रेल्वे कोणासाठी आली? १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडल्या, तेव्हा साहेबाला वऱ्हाड आणि हिंगणघाट दिसले. १८६२ला वर्धा जिल्हा वेगळा केला. भाव आकाशाला भिडले, कास्तकाराने ज्वारी काढून कापूस लावला. १८६५ला अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळले. नागपूरपर्यंत गाडी आली १८६७ला. सेलूजवळून जाणारा तो रूळ कापूस नेण्यासाठी होता, शेतकऱ्याला तारण्यासाठी नव्हे.

जकातीच्या भिंतीचा महिमा सांगणाऱ्यांनी ताजा हिशेबही पाहावा. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसवली. त्याच महिन्यात कापड गिरण्यांच्या सोयीसाठी केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि नंतर ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर हे झाले. सेलूच्या शेतकऱ्याला वॉशिंग्टन दूर नाही.

मग अमेरिकेकडून काही घेऊच नये? घ्यावे, आणि मराठी माणसाने ते आधीच घेतले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकनांना, बेटे जिंकणाऱ्यांना नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८९च्या अमेरिकेवरील मराठी पुस्तकात तिथल्या स्त्रीसंघटनांचे मोकळेपणाने कौतुक केले आणि काळ्या व मूळ रहिवासी लोकांवरचा अन्यायही नोंदवला. साम्राज्याला घरातूनच विरोध करणारे मार्क ट्वेन, जेन अ‍ॅडम्स हेही अमेरिकनच होते.

आणि वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे. ते ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले, गदर पक्षाच्या उभारणीत पडले, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले. तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उघडल्या, मक्यावर संशोधन केले. अमेरिकेतली विद्या परमुलखात नेता येते आणि त्यासाठी आरमार लागत नाही, याचा पुरावा याच जिल्ह्याचा आहे.

सेलूच्या शाळांनी आणि वाचनालयांनी पुढचे व्याख्यान खानखोज्यांवर ठेवावे. मॅकिन्लीची गोष्ट ऐकलेल्या मुलांनाच पुन्हा पहिल्या रांगेत बसवावे.