रोजंदारीवरचा नट

नटाच्या मिळकतीविषयी आपल्या समाजात दोन समजुती रूढ आहेत आणि परस्परविरोधी असूनही त्या सुखाने एकत्र नांदत आहेत. पहिली अशी की, ज्याचा चेहरा पडद्यावर दिसतो त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरत असली पाहिजे. दुसरी अशी की, खऱ्या कलावंताला पैशाची तमा नसते. हलाखी हा त्याच्या साधनेचाच भाग होय. पहिल्या समजुतीमुळे नटाची अडचण कोणास खरी वाटत नाही आणि दुसरीमुळे ती खरी ठरली तरी कोणास खटकत नाही. दर वर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगाचे स्मरण होते, शाली-श्रीफळे दिली जातात. परंतु सामान्य नट घरभाडे आणि मुलांची फी कशातून भागवतो, हा प्रश्न त्या व्यासपीठावर सहसा कोणी उपस्थित करीत नाही.

हा प्रश्न किती जुना आणि किती जिव्हारी लागणारा आहे, याची साक्ष २००२ सालाच्या आरंभी मिळाली होती. तमाशासम्राज्ञी म्हणून गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर १५ जानेवारीला निवर्तल्या. राष्ट्रपती पुरस्काराची मानकरी असलेल्या या कलावतीच्या रुग्णालयाचे देणे देणगीदारांच्या मदतीतून भागवावे लागले. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, भगवानदादा गेले. १९५१ च्या ‘अलबेला’ने ज्यांना जुहूचा बंगला आणि मोटारींचा ताफा दिला, त्या विनोदी नटाचा शेवट दादरच्या चाळीत झाला. विठाबाईंच्या नावे शासनाने पुढे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि भगवानदादांच्या जीवनावर २०१६ मध्ये चित्रपटही निघाला. हयातीत जे देता आले नाही ते मरणोत्तर देण्यात आपण तत्पर असतो.

अशा वेळी ‘त्यांनी पैसा सांभाळला नाही’ असे उत्तर हटकून दिले जाते. भगवानदादांच्या बाबतीत ते अंशतः खरेही असेल. स्वतःच्या चित्रपटात घातलेला पैसा त्यांना बुडवून गेला. पण उधळ्या स्वभावाचा एखादा कारकूनही निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाती भविष्यनिर्वाह निधी असतो, उपदान असते. त्याची काटकसर त्याच्या स्वभावावर सोडलेली नसते. ती वेतनपत्रकातच बांधलेली असते. नटाला ते वेतनपत्रकच नाही. भेद स्वभावाचा नसून व्यवस्थेचा आहे.

ही व्यवस्था कशी चालते ते पाहावे. व्यावसायिक मराठी नाटकातील नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात. त्यालाच ‘नाईट’ म्हणतात. प्रयोग प्रामुख्याने शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लागतात. म्हणजे महिन्याचे दिवस तीस असले तरी कमाईचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तालमींचे आठवडे, दौऱ्यातील प्रवासाचे तास आणि रद्द झालेले प्रयोग या हिशेबात फारसे धरले जात नाहीत. मुंबईच्या मालिकाविश्वात काम अधिक. परंतु तेथील रिवाज असा की, आज केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी हाती यावेत. वाणी तीन महिने थांबत नाही आणि घरमालकही थांबत नाही. ज्या नटाला नावामुळे आधी पैसे मागता येतात त्याची गोष्ट वेगळी. बाकीचे एक प्रकारे निर्मात्याला बिनव्याजी कर्जच देत असतात. मधल्या काळात मालिका बंद पडली, तर ते कर्ज वसूल करताना त्यांना उंबरे झिजवावे लागतात.

यात विनोदी नटाची स्थिती आणखी नाजूक असते. कथेला त्याची गरज चवीपुरती. म्हणून त्याचे चित्रीकरणाचे दिवस थोडे आणि थोडे दिवस म्हणजे थोडे पैसे. शिवाय एकदा त्याच्यावर विनोदाचा शिक्का बसला की वय वाढल्यावर चरित्रभूमिकांचे दार त्याला सहजी उघडत नाही. ‘लाखाची गोष्ट’ हा चित्रपट १९५२ साली पुण्याच्या भानुविलासमध्ये लागला तेव्हा त्याचे नायक राजा गोसावी त्याच चित्रपटगृहात तिकिटे विकत होते, ही गोष्ट आपण आजही गमतीने सांगतो. तिच्यातील गंमत क्षणभर बाजूला ठेवली, तर उरते ते एवढेच की, यशस्वी चित्रपटाच्या नायकालाही तिकीट खिडकीची नोकरी सोडणे परवडत नव्हते.

तमाशाच्या फडाचे अर्थकारण तर पूर्णपणे ऋतूवर उभे आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात आणि चैत्र-वैशाखातील त्या कमाईवर वर्षाचा मोठा भाग निभावावा लागतो. पावसाळ्यात काम नसते. तेव्हा कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि पुढच्या हंगामात ती फेडतो. मालकही बहुधा सावकाराच्या दारात उभा असतो. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे करोनामुळे ऐन जत्रांचा हंगाम बुडाला, तेव्हा ही साखळी कडीकडीने तुटली. सोंगाड्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत अनेकांना मजुरीला जावे लागले.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५० च्या दशकापासून चालत आली आहे. कलावंतांचे तीन वर्ग पाडून कमीअधिक रक्कम देण्याची जुनी पद्धत २०२४ मध्ये मोडण्यात आली आणि सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये देण्याचे ठरले. हे स्वागतार्हच आहे. परंतु ही रक्कम औषधपाण्यालाही पुरेल की नाही याची शंका आहे, आणि ती महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेली नाही. लाभार्थींची जिल्हावार संख्या ठरलेली. त्यात कला सादर केल्याचे पुरावे जोडायचे. आयुष्यभर पालाखाली राहिलेल्या फडातील वृद्धेने कोणत्या वर्तमानपत्राची कात्रणे जपून ठेवावीत, अशी अपेक्षा आहे?

कायद्यांचीही वाण नाही. संसदेने १९८१ मध्ये चित्रपट कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. २०१२ च्या दुरुस्तीने लेखाधिकार कायद्यात कलावंतांच्या स्वामित्वधनाची तरतूद झाली. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या असून त्यांत दृक्‌श्राव्य माध्यमातील कामगारांची दखल आहे. परंतु मालिका पुन्हा पुन्हा दाखविली गेली तरी दोन दिवसांची भूमिका करणाऱ्या नटाच्या खिशात त्याचा पैसा क्वचितच पोचतो. आणि रंगमंचावरचा व फडातला कलावंत पडद्यासाठी केलेल्या कायद्यांच्या बाहेरच उभा राहतो.

अन्यत्र याहून वेगळे घडू शकले आहे. फ्रान्समध्ये १९३६ पासून विकसित होत गेलेल्या व्यवस्थेत, वर्षभरात ५०७ तास काम केल्याची नोंद असलेल्या कलावंताला कामाअभावीच्या काळात बेकारी भत्ता मिळतो. अमेरिकेतील नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला. त्यातील एक प्रमुख मागणी पुनःप्रदर्शनाच्या मोबदल्याची होती. या देशांची श्रीमंती आपल्याकडे नाही, हे मान्य. पण तेथे मूळ तत्त्व मान्य झाले आहे ते असे की, दोन कामांमधला रिकामा काळ हा या व्यवसायाचाच भाग असून त्याचा भार एकट्या नटाने वाहू नये.

आपल्या ऐपतीत बसेल असे बरेच काही करता येण्यासारखे आहे. लेखी करार आणि तीस दिवसांत मोबदला हा नियम वाहिन्यांनी निर्मात्यांवर घालावा. कारण पैशाची मूळ कळ त्यांच्याच हाती आहे. नाटकाच्या प्रत्येक तिकिटामागे एखादा रुपया कलावंतांच्या भविष्यनिर्वाह निधीत जावा आणि तेवढीच भर शासनाने घालावी. तमाशा फडांना पावसाळ्यापुरते अल्प व्याजाचे कर्ज सहकारी बँकांकडून मिळावे. शेतकऱ्याला पीककर्ज मिळते, मग हाही हंगामावर जगणाराच वर्ग नव्हे काय? फडमालकाच्या हजेरीची नोंद मानधनासाठी पुरावा म्हणून ग्राह्य धरावी.

निर्माता स्वतःच कर्जात असतो, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच हा भार एका खांद्यावर टाकू नये; प्रेक्षक, वाहिनी आणि शासन यांनी तो वाटून घ्यावा. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्या वर्गानेच मराठी रंगभूमीला प्रेक्षक पुरविला आहे. आपल्याला पगारी रजा, वेतनवाढ आणि निवृत्तिवेतन का हवे, हे त्या वर्गाला समजावून सांगावे लागत नाही. तिकिटामागचा एक रुपया देण्यास तो का-कू करील, असे वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे की, तो मागण्याची आणि त्याचा चोख हिशेब ठेवण्याची जबाबदारी कोणी तरी आता पत्करली पाहिजे.