मांजराला रोजा नसतो

संध्याकाळचे सहा. कढईत भजी पडत असतात, खजूर बशीत निघालेले असतात, फळं चिरायची राहिलेली असतात आणि धाकट्याला शेजारी ताट पोचवायला पिटाळलेलं असतं. रमजानमधला हा सगळ्यात धावपळीचा अर्धा तास. नेमकं याच वेळी घरातल्या एकाने हात धुऊन फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढायची, मांजराच्या कुशीची सैल कातडी चिमटीत धरायची आणि सुई द्यायची. ज्या घरातल्या मांजराला नुकताच मधुमेह निघाला आहे, त्या घराचा रमजान असा चालला आहे.

‘मांजराला साखर?’ म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. पण माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळताजुळता हा आजार मांजरांत नवा नाही. मध्यम वयाचा, नसबंदी झालेला, घरात बसून वजन वाढलेला बोका त्याला जास्त बळी पडतो. शहरी फ्लॅटमधल्या लाडक्या बोक्याचं वर्णन याहून वेगळं काय असतं?

आजार लक्षात येतो तो बहुधा भांडणातून. मांजर पाणी फार पिऊ लागतं, वजूच्या बादलीत तोंड घालतं. मग लघवी वाढते, वाळूचा ट्रे पुरत नाही आणि एके दिवशी जानमाजवर ओल सापडते. लघवी नापाक, जानमाज धुवावीच लागते, आणि रमजानात हे घडलं की वडीलधाऱ्यांचं डोकं फिरतं. ‘बिल्लीला बाहेर सोडून या’ हे वाक्य तिथेच निघतं. पण हा मांजराचा हट्ट नसतो. रक्तातली साखर एका मर्यादेपलीकडे गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत शरीरातलं पाणी ओढून नेते. त्यामुळे तहान लागते, आणि पाणी पिऊन पुन्हा लघवी होते. भरपूर खाऊनही मांजर वाळत जातं. काहींचे मागचे पाय इतके ढिले पडतात की ती टाचा टेकवून चालू लागतात. ही लक्षणं दिसली तर फटका देण्याआधी डॉक्टर गाठावा.

वजूच्या पाण्यावरून चिडणाऱ्यांनी हजरत अबू कतादा यांचा प्रसंग आठवावा. वजूचं पाणी काढलेलं असताना मांजर आलं, तर त्यांनी भांडं तिरपं करून त्याला पिऊ दिलं. सून आश्चर्याने पाहत राहिली, तेव्हा त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांचा हवाला दिला, की मांजर नापाक नाही, ते तुमच्याभोवती घरात वावरणाऱ्यांपैकी आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. (झोपलेलं मांजर उठू नये म्हणून अंगरख्याची बाही कापल्याची गोष्ट रमजानात मोबाइलवर फार फिरते. ती हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत सापडत नाही. तिची गरजही नाही, जे आहे ते पुरेसं आहे.)

दुसरी हदीस सगळ्यांना पाठ असते: मांजराला कोंडून ठेवणाऱ्या आणि त्यामुळे शिक्षेला पात्र ठरलेल्या बाईची. ती सांगताना भर उपाशी मारण्यावर दिला जातो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या त्या हदीसचा दुसरा अर्धा भाग मात्र निसटतो. तिने स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन मिळेल ते खायलाही सोडलं नाही. म्हणजे जबाबदारी सुरू होते ती दार बंद केल्यापासून. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं मांजर उंदीर पकडत नाही, मच्छीवाल्याच्या टोपलीपाशी घुटमळत नाही. ते काय खाणार, किती फिरणार, हे सगळं दार बंद करणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. त्या खाण्यातून आणि बसून राहण्यातून आजार बळावला, तर ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण खरं नाही. अशा मांजराला बाजारात नेऊन सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. इन्सुलिनवरचं मांजर बाजारात किती दिवस जगेल, हे सोडणाऱ्यालाही ठाऊक असतं.

खर्चाचा मुद्दा रमजानात हमखास निघतो. ‘एवढ्या पैशात एखाद्या गरिबाच्या घरी रेशन गेलं असतं.’ जकातीचा हिशेब अडीच टक्क्यांचा आहे आणि ती कुणाला द्यायची हे कुरआनने ठरवून दिलं आहे. मांजराचं औषध त्यात बसत नाही आणि त्यातून वजाही होत नाही. ते घरखर्चात येतं, जसं अब्बांचं बीपीचं औषध येतं. गरिबाच्या रेशनची आठवण मांजराच्या सुईच्या वेळीच का व्हावी? ईदच्या तिसऱ्या जोडाच्या वेळी ती का होत नाही? तरीही खर्च झेपत नसेल तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांगावं. तपासण्या किती अंतराने कराव्यात, कुठलं इन्सुलिन परवडेल, यात वाट निघते. लाजून उपचार अर्धवट सोडण्यात मात्र मांजराचे हाल होतात.

एक शंका दबक्या आवाजात विचारली जाते: इन्सुलिन डुकराचं असतं का? प्रश्न अडाणीपणाचा नाही. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातूनच काढत, आणि प्राण्यांसाठीचं एक प्रचलित इन्सुलिन आजही डुकरापासून बनतं. पण मांजरांसाठी सर्रास वापरलं जाणारं ग्लार्जिन हे माणसांचंच औषध आहे आणि ते प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करून घेतलं जातं. मन साशंक असेल तर डॉक्टरला तेच मागावं. शंका मनात ठेवून सुई टाळत राहणं सर्वांत वाईट.

दिवसातून दोन सुया, मध्ये बारा तास. सध्या रमजान ज्या ऋतूत येतो त्यात हे वेळापत्रक जणू आयतं मिळतं. सहरी साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास संपते, रोजा पावणेसातच्या आसपास सुटतो. फजरनंतर सहाला एक सुई, इफ्तारआधी सहाला दुसरी. एरवी सकाळी आठशिवाय न उठणारं घर या महिन्यात पहाटे जागं असतं. फरक एवढाच, की घर दिवसभर उपाशी असलं तरी मांजर उपाशी राहता कामा नये. त्याने खाल्लं की नाही हे पाहूनच सुई द्यायची. तोंड फिरवलं, उलटी केली, तर नेहमीचा डोस न देता आधी डॉक्टरला फोन.

घात होतो तो बहुधा सिरिंजमध्ये. आपल्याकडे औषधांच्या दुकानात दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात, लाल टोपणाची ४० युनिटची आणि केशरी टोपणाची १०० युनिटची. ग्लार्जिन १०० च्या ताकदीचं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरलं, तर एक नव्हे, अडीच युनिट जातात. मांजराचा डोसच एखाद-दोन युनिटांचा, त्यात ही चूक जिवावर बेतू शकते. घरातल्या मधुमेही माणसाची सिरिंज उचलून वापरू नये, आणि त्याच्या गोळ्या तर मांजराला मुळीच देऊ नयेत.

साखर फार उतरली तर मांजर झोकांड्या खातं, मलूल पडतं, झटके येतात. मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. शुद्ध नसलेल्या मांजराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. इथे रमजानचा एक खास धोका आहे. सहाला सुई, आठ-साडेआठनंतर पुरुष तरावीहला, बायका दमून आडव्या. निदान सुरुवातीच्या दिवसांत तरी त्या तासांत कुणीतरी मांजरावर लक्ष ठेवणारं असावं.

खाणंही बदलावं लागतं. दूध-भात, पाव, बिस्किट बंद. कोरड्या दाण्यांऐवजी प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी असलेलं ओलं खाणं बरं. नुसती उकडलेली कोंबडी कायम देत राहिलं तर टॉरिनसारखे आवश्यक घटक कमी पडतात. आणि हा बदल मनाने एका दिवसात करायचा नाही. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही कमी होते, तेव्हा डोस डॉक्टरलाच बदलू द्यावा. इफ्तारचा उरलेला खिमा लाडाने पुढे सरकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की कांदा-लसूण निरोगी मांजरालाही विषारी असतो.

हे सगळं ऐकून धीर सुटतो, म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी दवाखान्याच्या घाईत राहून जाते. मांजराचा मधुमेह लवकर हाती लागला आणि साखर नीट आटोक्यात राहिली, तर काही मांजरांची सुई पुढे सुटते. सगळ्यांची नाही. पण पहिल्या काही महिन्यांतली शिस्त इथे फार मोलाची ठरते. दवाखान्यात घाबरूनही मांजराची साखर चढते, त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नये. मागच्या साधारण दोन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी असते. घरी कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्तावर साखर पाहता येते. माणसाच्या यंत्रावर मांजराचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हे डॉक्टरच्या कानावर घालावं.

आता ईद जवळ आली. चांद दिसला की सहरी संपते आणि घर पुन्हा उशिरा उठू लागतं. सहाची सुई मात्र तशीच राहते. ईदच्या सकाळी आंघोळी, नवे कपडे, अत्तर, ईदगाहला निघायची घाई, त्याआधी ती उरकावी लागेल. पाहुण्यांची मुलं शीरखुर्म्याची वाटी मांजरापुढे धरतील, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवावं. आणि बासी ईदला गावी जायचं असेल, तर घरातल्या किंवा शेजारच्या आणखी एकाला सुई द्यायला आत्तापासून शिकवावं. एका संत्र्यात पाणी टोचून दोन दिवसांत हात बसतो.