आरोपीच्या पिंजऱ्यात कोण?

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ सालचं नाटक तुम्हाला आठवत असेल. गंमत म्हणून अभिरूप न्यायालय भरतं आणि बघता बघता बेणारेबाई खऱ्याच आरोपी होऊन बसतात.

आमच्या अहेरीत शेजारच्या वहिनींचं अगदी तसंच झालं. “बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद पडणार,” असा फोन आला. घाबरून त्यांनी मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि पैसे गेले. संध्याकाळी घरातला जो तो वकील! “सांगितलासच कशाला?” “शिकून काय उपयोग?” ठकाला कुणी शब्दानं बोललं नाही. वहिनींनी तक्रार केली ती चौथ्या दिवशी.

म्हणून यंदा हळदीकुंकवाला आमच्या मंडळानं अभिरूप न्यायालयच भरवलं. निवृत्त शिक्षिका न्यायाधीश, दोघी वकील आणि काजळाची मिशी काढून एक सून झाली ठक. तेलुगू बोलणाऱ्या बायकांसाठी एकीनं दुभाष्याचं काम केलं.

ठकाचा वकील म्हणाला, “ओटीपी बाईंनी आपणहून दिला!” न्यायाधीशबाई कडाडल्या, “दार उघडं राहिलं म्हणून चोरी माफ होते का?” माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६६-डी वाचलं गेलं. मोबाइल किंवा संगणकाच्या साहाय्यानं तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड.

मग पैशाचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली नियम घालून दिला. गुप्त आकडा आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास आपल्याच पदरचा.

“पण त्याला माझा नंबर मिळाला कुठून?” वहिनींनी विचारलं. सगळ्या गप्प. सोडतीच्या कुपनावर, दुकानाच्या वहीत आपण नंबर देतोच ना! २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी लागते, आणि पुढे ती पुसून टाकायला सांगता येतं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले; मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर “कशाला हवा?” एवढं विचारायला काय हरकत?

शेवटी वहिनी म्हणाल्या, “मी तं पैशापेक्षा घरच्यांच्या बोलण्यालेच घाबरली होती.” खटल्याचा खरा निकाल तोच.

तेव्हा फसवणूक होताच आधी १९३० या क्रमांकावर आणि बँकेत कळवा, मग पोलिसांत जा. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

तुमच्याही मंडळात असं न्यायालय भरवून पाहा. पथ्य एकच: फसलेल्या बाईला फिर्यादीच्या खुर्चीत बसवा, पिंजऱ्यात नव्हे!