दुसऱ्या डावाची कमाई

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी मँचेस्टर येथे भरलेल्या एका पत्रकार परिषदेत चार तरुण गायकांनी आपला बँड विसर्जित होत असल्याचे जाहीर केले. गाणाऱ्यांचे ताफे जमतात आणि मोडतात, त्याचे कोणाला फारसे सोयरसुतक नसते. परंतु 'टेक दॅट'च्या विसर्जनाची वार्ता ऐकून ब्रिटनमधील शाळकरी मुली इतक्या व्याकूळ झाल्या की, त्यांना धीर देण्यासाठी दूरध्वनीवरील खास सेवा सुरू कराव्या लागल्या. वडीलधाऱ्यांनी या प्रकाराला हसून सोडून दिले. पोरवयातले वेड वयाबरोबर ओसरते, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब चुकला. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, तेच चौघे पुन्हा रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा त्याच मुली तिकिटांसाठी पुढे आल्या. या वेळी पैसे त्यांच्या स्वतःच्या कमाईचे होते.

या पुनरागमनाचे मोल समजण्यासाठी पहिल्या डावाची रचना पाहिली पाहिजे. 'बॉयबँड' हा शब्द इंग्रजी संगीतसमीक्षेत गौरवाने वापरला जात नाही. त्यात कारखान्यात तयार केलेल्या मालाचा वास असतो, आणि 'टेक दॅट'च्या बाबतीत तो अगदीच अनाठायी नव्हता. १९९० मध्ये नायजेल मार्टिन-स्मिथ या व्यवस्थापकाने अमेरिकेतील 'न्यू किड्स ऑन द ब्लॉक' या बँडचे यश डोळ्यांपुढे ठेवून पाच तरुण एकत्र केले. गॅरी बार्लो हा क्लबांतून गाणारा, पेटी वाजवणारा आणि गीते रचणारा. हॉवर्ड डोनाल्ड आणि जेसन ऑरेंज हे नर्तक. मार्क ओवेन देखणा आणि गोड गळ्याचा. रॉबी विल्यम्स तर अवघा सोळा वर्षांचा, खट्याळ आणि बोलघेवडा. केस, कपडे, नाच आणि मुलाखतींतील वागणूक यांवर व्यवस्थापकाची नजर असे. १९९३ मध्ये 'प्रे' या गीताने ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिले स्थान मिळवले. १९९५ मधील 'बॅक फॉर गुड'ने अमेरिकेतही पहिल्या दहांत प्रवेश केला.

बाहेरून पाचही जण सारखे दिसत असले, तरी आतील अर्थव्यवस्था विषम होती. बहुतेक नवी गीते बार्लो लिहीत असे. गीतकाराला प्रत्येक विकल्या जाणाऱ्या प्रतीवर आणि प्रत्येक प्रसारणावर स्वामित्वधन मिळते. नाचणाऱ्याच्या घामाला असा कायमचा हिस्सा नसतो. म्हणजे एकाच रंगमंचावर एक भांडवलदार आणि चार मजूर उभे होते, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. अशा मंडळीत रुसवेफुगवे व्हायचेच. जुलै १९९५ मध्ये रॉबी विल्यम्स बाहेर पडला आणि उरलेल्या चौघांनी सात महिन्यांत दुकान आवरले.

नंतरची दहा वर्षे एखाद्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणासारखी आहेत. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये एक सिद्धांत मांडला होता. ध्वनिमुद्रण आणि प्रसारण यांमुळे एकच कलावंत एकाच वेळी लक्षावधींपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे गुणांमधील अल्पसा फरक उत्पन्नात मात्र प्रचंड अंतर पाडतो. येथेही तसेच घडले. सर्वांत धाकटा म्हणून चेष्टेचा विषय झालेला रॉबी ब्रिटनचा अग्रगण्य गायक ठरला. २००३ मध्ये नेबवर्थ येथे तीन रात्रींत त्याने पावणेचार लाखांच्या घरात श्रोते जमवले. याउलट ज्याच्याकडे गीतलेखनाची विद्या होती, त्या बार्लोचा दुसरा स्वतंत्र अल्बम १९९९ मध्ये पडला आणि कंपनीशी असलेला त्याचा करार संपला. ओवेनलाही त्याच्या कंपनीने सोडून दिले. डोनाल्ड तबकड्या वाजवण्याच्या व्यवसायात रमला, तर ऑरेंजने महाविद्यालयाची वाट धरली. तिशीच्या उंबरठ्यावरच हे लोक भूतकाळात जमा झाले होते.

नोव्हेंबर २००५ मध्ये आयटीव्ही या दूरचित्रवाहिनीने त्यांच्यावर एक माहितीपट दाखवला. रॉबी विल्यम्सने त्यात मुलाखत दिली, परंतु चौघांच्या भेटीला तो आला नाही. प्रेक्षकांचा प्रतिसाद मात्र असा होता की, त्याच महिन्यात चौघांनी २००६ च्या दौऱ्याची घोषणा केली आणि तिकिटे संपल्याने कार्यक्रमांची संख्या वाढवावी लागली.

हा सारा स्मृतिरंजनाचा व्यापार आहे, असा आक्षेप येथे घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. १९९९ नंतर संगणकावरून गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय झाली आणि जवळजवळ दीड दशक जगभर ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न घसरत गेले. गाण्याची प्रत क्षणात करता येते. गायकाच्या सान्निध्यात घालवलेल्या संध्याकाळची प्रत करता येत नाही. साहजिकच संगीतव्यवसायाचा कल प्रत्यक्ष कार्यक्रमांकडे वळला आणि जुन्या, ओळखीच्या नावांना भाव आला. अनेक विस्कटलेले बँड या काळात पुन्हा एकत्र आले. त्यांपैकी पुष्कळांनी जुनी गाणी म्हटली, बिदागी घेतली आणि ते आपापल्या घरी गेले.

'टेक दॅट' तेथे थांबले नाहीत, आणि त्यांचे वेगळेपण येथेच सुरू होते. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांचा 'ब्यूटिफुल वर्ल्ड' हा संपूर्ण नवा अल्बम आला आणि 'पेशन्स' हे त्यातील पहिलेच गीत विक्रीयादीच्या शिखरावर गेले. पुढच्या वर्षी 'शाइन'नेही तेच स्थान मिळवले. या दोन्ही गीतांना लागोपाठच्या वर्षी सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गीताचा 'ब्रिट' पुरस्कार मिळाला. परंतु या आकड्यांहून महत्त्वाची गोष्ट अल्बमच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेली होती. गीतकार म्हणून आता चौघांचीही नावे होती. 'शाइन'चा मुख्य स्वर ओवेनचा होता. पूर्वी केवळ नाचणारे म्हणून ओळखले गेलेले डोनाल्ड आणि ऑरेंज यांनाही एकेका गीतात पुढे उभे राहून गाण्याचा मान मिळाला. ज्या माणसाची मक्तेदारी होती, त्याने ती स्वतःहून वाटून टाकली. दहा वर्षांच्या अपयशाने बार्लोला जे शिकवले, ते यशाने शिकवले नसते.

मराठी वाचकाला या घडामोडी परक्या वाटू नयेत. मालक कोण, भागीदार कोण आणि पगारी नट कोण, या प्रश्नावर आपल्या संगीत नाटक मंडळ्या किती वेळा फुटल्या, याची साक्ष रंगभूमीचा इतिहास देतो. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, ती भागीदारीच्याच पायावर. आणि पुढे तीही भागीदारी टिकली नाही. कलावंतांना एकत्र बांधण्यास प्रतिभा पुरी पडत नाही, न्याय्य वाटणी लागते. मँचेस्टरच्या या मंडळींनी ती उशिरा केली, पण केली.

दुसरी गोष्ट श्रोत्यांची. १९९२ मध्ये जी मुलगी चौदा वर्षांची होती, ती २००६ मध्ये अठ्ठावीस वर्षांची झाली होती. तिच्यामागे नोकरी होती, कदाचित कडेवर मूल होते, घराच्या कर्जाचे हप्ते होते. तिच्या आवडीची जेवढी टिंगल झाली, तेवढी फुटबॉलवेड्या मुलांची कधी झाली नाही. पन्नाशीतला गृहस्थ विद्यार्थिदशेतील संघाच्या नावाने गहिवरला, तर ती निष्ठा ठरते. मध्यमवयीन स्त्री तारुण्यातील गाण्याने गहिवरली, तर तो बालिशपणा ठरतो. हा दुजाभाव रुचीचा नसून प्रतिष्ठेचा आहे. या चौघांनी आपल्या श्रोत्यांना ओशाळे वाटू दिले नाही. आपण अजून विशीत आहोत असा आव त्यांनी आणला नाही. वाढत्या वयाला साजेशी गीते लिहिली आणि श्रोत्यांनाही त्यांच्या वयानिशी बोलावले.

२०१० मध्ये रॉबी विल्यम्सही परतला. आधी त्याने आणि बार्लोने मिळून 'शेम' हे गीत गाऊन जुने वैमनस्य जगजाहीरपणे मिटवले. मग पाचही जणांचा 'प्रोग्रेस' हा अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०११ च्या दौऱ्यात लंडनचे वेम्ब्ली मैदान आठ रात्री भरले. पुढे विल्यम्स आपल्या वाटेने गेला, पण या वेळी दारे आपटली नाहीत. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑरेंजनेही शांतपणे निरोप घेतला.

याच वर्षाने या कथेला एक डागही लावला. बार्लो, ओवेन आणि डोनाल्ड यांनी ज्या योजनेत पैसे गुंतवले होते, ती करबचावासाठी रचलेली असल्याचा निर्णय मे २०१४ मध्ये कर न्यायाधिकरणाने दिला. बार्लोने नंतर जाहीर क्षमा मागितली. श्रोत्यांच्या निष्ठेवर संपन्न झालेल्यांनी त्याच श्रोत्यांच्या शाळा आणि रुग्णालये ज्या करांवर चालतात, ते चुकवण्याच्या वाटेला जावे, ही गोष्ट चाहत्यालाही सलते, आणि सलावी. आपसांत न्याय्य वाटणी करणाऱ्यांना समाजाशी करावयाची वाटणी सुचू नये, हा विसंवाद झाकून गौरव करता येत नाही.

तरीही गौरव करण्याजोगे पुष्कळ शिल्लक राहते. उरलेल्या तिघांनी गाणे सोडले नाही. २०२३ मधील त्यांचा 'धिस लाइफ' हा अल्बमही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. बँड म्हणून त्यांचा पहिला डाव सहा वर्षांत आटोपला, तर दुसरा केव्हाच त्याच्या तिपटीहून लांब झाला. पहिला डाव व्यवस्थापकाने मांडला होता. दुसरा त्यांचा त्यांनी मांडला, आणि मांडताना पाने सारखी वाटली. माणसाची उपयुक्तता तिशीतच संपली असे ठरवणारे धंदे केवळ संगीताचेच नाहीत. अशा धंद्यांत उमेद गमावून बसलेल्या कोणालाही या चौघांची हकिगत ऐकण्यासाठी इंग्रजी गाण्याची आवड असण्याची गरज नाही.