नकलेला नाक मुरडण्याआधी

चिनी लढाऊ विमान म्हणजे चिनी माल, असा एक सिद्धान्त सध्या आपल्याकडच्या व्याख्यानमालांतून फिरतो आहे. सिद्धान्तकार बहुश्रुत आहेत, आवाज खणखणीत आहे आणि टाळी कुठे पडते हे त्यांना नेमके ठाऊक आहे. म्हणणे थोडक्यात असे: जे-१० ही इस्रायलच्या लावी विमानाची चोरी, जे-११ ही रशियन सुखोईची, जे-२० हा अमेरिकी आराखड्यांवर मारलेला डल्ला. इंजिन उसने, वैमानिक युद्ध न पाहिलेले. तेव्हा दिवाळीतल्या चिनी माळेसारखे हे प्रकरण आपोआप विझेल, आपण निवांत असावे. यावर सभागृह हसते, आभारप्रदर्शन होते आणि मंडळी घरी जातात.

नक्कल ही शिवी निदान कोल्हापुरात उभे राहून तरी देऊ नये. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंना सिनेमाचे वेड लागले तेव्हा त्यांच्यासमोर होते ते विलायती यंत्रच. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा घडवला आणि पुढे त्याच कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ उतरला. या कॅमेऱ्याचा अभिमान आपण शंभर वर्षे मिरवतो आहोत. इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांचे तरी वेगळे काय? नदीकाठच्या मळ्यांवर पाणी उपसायला आणि गुऱ्हाळांवर आलेली विलायती ऑइल इंजिने आपल्या मेस्त्र्यांनी आधी दुरुस्त केली, मग त्यांचे सुटे भाग ओतले, मग अख्खी इंजिनेच बनवली. ते आपल्या दृष्टीने कर्तृत्व, आणि चीनमधल्या चेंगडूच्या विमान कारखान्यातल्या मेस्त्र्याने तेच केले की चोरी. हेरगिरी झाली असेल, झालीच असेल. पण चोरलेल्या कागदावर बसून विमान उडत नाही.

याचा पुरावा लांब शोधायला नको, नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात आहे. मिग-२१ रशियाने चीनला देऊ केले १९६१ मध्ये आणि आपल्याला १९६२ मध्ये. शर्यतीची सुरुवात जवळजवळ एकाच रेषेवरून. चीनचे रशियाशी बिनसले. हाती काही सुटे संच आणि अर्धवट कागदपत्रे राहिली. नसलेली पाने त्यांना स्वतः लिहावी लागली. त्यांचे जे-७ जानेवारी १९६६ मध्ये उडाले. आपले रशियाशी गूळपीठ; ओझरला सांगाडा, कोरापुटला इंजिन, सगळे ड्रॉइंगबरहुकूम. वायुदलाने साडेआठशेहून जास्त मिग वापरली. ड्रॉइंग परिपूर्ण होते, म्हणून प्रश्न विचारायची वेळच फारशी आली नाही. तिकडे जे-७ वर हात बसलेल्या सोंग वेन्त्सोंग यांनी जे-९ हे रद्द झालेले विमानही पचवले आणि मग जे-१० आखले. ते २३ मार्च १९९८ रोजी उडाले. त्यांच्याच तालमीतल्या यांग वेई यांचे जे-२० उडाले ११ जानेवारी २०११ रोजी. सुखोईचीही तीच कथा. १९९६ मध्ये चीनने दोनशे विमाने जुळवण्याचा करार केला, तो निम्म्यावर थांबला आणि स्वतःचे रडार, स्वतःचे इंजिन बसवलेले जे-११बी बाहेर आले. रशियाने थयथयाट केला. ओझरला आपण दोनशेहून जास्त सुखोई विमाने जुळवली, आणि रशिया आपल्यावर खूश आहे.

   

इंजिन उसने होते, हे मात्र खरे. आणि त्यातच सिद्धान्तकारांचा सिद्धान्त कोसळतो. कोल्हापूरशेजारच्या शिरोलीच्या कुठल्याही फाउंड्रीत जाऊन पाहा. लॅडलमधून ओतले जाणारे लोखंड १४०० अंशांच्या आसपास असते. जेट इंजिनाच्या टर्बाइनवर येऊन आदळणारा वायू त्याहूनही तापलेला असतो. पाते ज्या निकेलच्या मिश्रधातूचे, तो त्या वायूत खरे तर वितळायचा. पात्याच्या पोटात बारीक वाटा ठेवून हवा खेळवतात, वर सिरॅमिकचा थर देतात, आणि अख्खे पाते धातूच्या एकाच दाण्याचे, म्हणजे एकाच स्फटिकाचे, बनवतात. आपला फाउंड्रीवाला रिजेक्ट झालेले कास्टिंग घणाने फोडतो आणि दाणा बारीक आहे की भरड ते बघतो. इथे दुसरा दाणाच नको. म्हणून साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरवतात. तळाशी पिळाची एक अरुंद वाट असते, तिच्यातून एकच दाणा वर निसटतो आणि सगळे पाते व्यापतो. साचा किती वेगाने उतरवायचा, कुठे चुकते, हे रिजेक्शनच्या ढिगातून शिकावे लागते. चीनचे डब्ल्यूएस-१० इंजिन वीस-पंचवीस वर्षे रखडले. जे-१० आणि सुरुवातीचे जे-२० रशियन इंजिनांवर उडाले, चीनबरोबर बनवलेले पाकिस्तानचे जेएफ-१७ तर रशियन इंजिनावरच चालते. नकलेने सगळे मिळत असते तर इंजिन सगळ्यांत आधी मिळाले असते.

राहिला युद्धाचा मुद्दा. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान हवाई लढाईनंतर तो काढणाऱ्याने जरा वर्तमानपत्र वाचावे. चिनी विमानांच्या जोरावर आपली सहा विमाने पाडल्याचा पाकिस्तानी दावा आपण फेटाळला आणि तो फेटाळायलाच हवा होता. पण काही विमाने गमावल्याचे आपल्या संरक्षणदल प्रमुखांनीच सिंगापुरात सांगितले. चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्राचे तुकडे पंजाबात होशियारपूरला सापडले. पाकिस्तानची पाच लढाऊ आणि एक मोठे विमान आपण पाडल्याचेही वायुदल प्रमुखांनी ऑगस्टमध्ये जाहीर केले. यातून चिनी विमान अजिंक्य ठरत नाही, पण हसण्यावारी नेण्याजोगेही ठरत नाही.

मग करायचे काय, असे विचारतील. आधी आपले बघू: तेजस या आपल्या लढाऊ विमानासाठीचे कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झाले, २००८ मध्ये तेजसपासून वेगळे काढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवलेल्या ८३ तेजसांसाठी अमेरिकेतून पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात हैदराबादच्या प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकदाणी पाती ओतून दाखवली, साठ नग. व्याख्यानमालेत त्यांचे नाव कुणी घेतले नाही. माझे मागणे एवढेच, की अशा ओतकामात वाया जाणाऱ्या नगांचे पैसे सरकारने बिनबोभाट भरावेत आणि लेखापरीक्षकांनी काही वर्षे तिकडे फिरकू नये.

आणि एक. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले. आता चौकाचौकांत चबुतऱ्यावर उभे करायला विमान द्या म्हणून निवेदने जातील, त्यांवर सिद्धान्तकारांचीही सही असेल. सांगाडा हवा त्याने न्यावा. कोरापुटचे एखादे मेलेले इंजिन मात्र उद्यमनगरात पाठवा आणि पोरांना ते खोलू द्या. चबुतऱ्याचा खर्च तरी वाचेल.