परक्यांच्या दप्तरांत आपले पूर्वज

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास त्या काठावर नांदलेल्या शेतकऱ्यांची घरे, धान्य आणि दफनविधी त्यांनी जगापुढे मांडले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावे त्या कार्याशी कायमची जोडली गेली आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक शेतकऱ्यासाठी विद्वानांनी इतकी वर्षे वेचली, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु त्याच मातीतल्या चारशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचा विषय निघाला की आपली सुशिक्षित मंडळी अवघडतात. “तो तुर्कांचा काळ. त्यात आपले काय आहे?” असा सवाल टाकून मोकळी होतात. या सवालाचा समाचार घेणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम ‘तुर्क’ हा शब्दच तपासून पाहू. पुणे परगणा निजामशाहीत होता. १६३६ नंतर तो आदिलशाहीकडे गेला आणि पुढे मोगल आले. निजामशाहीच्या संस्थापकाचा पिता मूळचा ब्राह्मण कुळातला, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. तिचा कर्ता कारभारी मलिक अंबर हबशी होता. तुर्की वंश सांगता येतो तो मोगलांचा, आणि परंपरेने आदिलशाहीचा. हे सारे एकाच शब्दाच्या पोत्यात कोंबणे म्हणजे इतिहास नव्हे, आळस आहे. शिरूर आणि दौंड यांना आपण ‘तालुके’ म्हणतो आणि पुण्याला ‘जिल्हा’. हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. मग त्या काळाशी आपला संबंध नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

कोणी म्हणेल, जखम विसरावयाची काय? मुळीच नाही. वढू बुद्रुक याच शिरूर तालुक्यात आहे. तेथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. दौंडपासून जवळच, भीमेच्या पलीकडच्या तीरावर, पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ साली कैदेतील महाराजांना तेथे बादशहापुढे उभे करण्यात आले. परंतु त्या घटनांचा मागोवा घेताना इतिहासकारांना ‘मआसिर-ए-आलमगिरी’सारख्या फार्सी ग्रंथांकडेच वळावे लागले. सेतुमाधवराव पगडींनी मोगली साधने मराठीत आणली, ग. ह. खरे यांनी फार्सी कागद वाचून प्रसिद्ध केले. शत्रूची भाषा शिकल्याने त्यांची निष्ठा उणावली नाही. उलट, आपल्या दुःखाचा पुरावा त्यांच्या हाती आला.

कॅथलिक परंपरा असलेल्या हंगेरी या देशाचे उदाहरण पाहावे. १५२६ मध्ये मोहाचच्या रणात त्याचे सैन्य आणि राजा दोन्ही गेले. बुडा शहर १५४१ ते १६८६ तुर्कांच्या ताब्यात राहिले. तरीही १८७० मध्ये वाम्बेरी यांच्यासाठी तेथील विद्यापीठात तुर्की भाषांचे अध्यासन सुरू झाले. पुढे हंगेरियन विद्वानांनी तुर्कांच्या करवह्या अक्षर लावून वाचल्या, कारण त्यांत हंगेरीच्याच खेड्यांतील कुटुंबप्रमुखांची नावे होती. पेच शहरातील कासिम पाशाची मशीद आज कॅथलिक चर्च आहे; तिचा घुमट आणि मिहराब लोकांनी जपले आहेत. तेथे प्रार्थना करणाऱ्यांची श्रद्धा त्यामुळे डळमळली नाही.

वाचकहो, येथेच आपल्या कुटुंबांचा प्रश्न येतो. राजांच्या पोवाड्यांत आपल्या खेडुत पूर्वजांना जागा नाही. कुणबी, बलुतेदार, वेसकर यांचा उल्लेख सापडलाच तर तो वतनाच्या, साऱ्याच्या, तंट्याच्या कागदांत सापडेल. ते कागद फार्सीत किंवा मोडीत आहेत. ते वाचणारा कोणी उरला नाही, तर आपल्या वाडवडिलांना दुसऱ्यांदा मूठमाती दिल्यासारखे होईल.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. इनामगावला जी चिकाटी लाभली, तीच विद्यापीठांनी मध्ययुगीन खेड्यांनाही द्यावी. आपल्या पॅरिशमधील महाविद्यालयीन मुलामुलींनी मोडी शिकावी, आणि एखाद्याने तरी फार्सीचे धाडस करावे. घरातील जुने कागद वाळवीच्या हवाली न करता अभ्यासकांना दाखवावेत. शिलालेखावर रंग फासू नये, पडक्या घुमटाचे दगड बांधाला लावू नयेत. सत्य तुम्हांला मुक्त करील, असे आपण वेदीपुढे ऐकतो. ते सत्य कोणत्या लिपीत लिहिले आहे, अशी अट प्रभूने घातलेली नाही.